आरसा आणि पिंपळ



"उन्हात फिरू नकोस, काळी पडशील." आपल्या घरांत मुलींना हे इतक्यांदा ऐकवले जाते की बोलणाऱ्याच्याही ते लक्षात येत नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी तोंडाला रुमाल बांधावाच लागतो. माझा आक्षेप त्याला नाही. पण ऊन बाधेल म्हणून घरात बसणे वेगळे आणि रंग उतरेल म्हणून बसणे वेगळे. अशा मुलीच्या सोबतीला मग आरसा उरतो, आणि हल्ली मोबाईल. स्वतःकडे परक्याच्या नजरेने बघायला ती तेथेच शिकते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. कोणाला उंचीची लाज, कोणाला बारीक दंडांची.

शरीर ही नुसती माझ्या मालकीची वस्तू नाही, मीच माझे शरीर आहे, असा विचार गाब्रिएल मार्सेल या कॅथलिक तत्त्वज्ञाने मांडला. सेमिनरीत हे समजायला आम्हाला बरेच तास लागले. शेताच्या बांधावरून चालताना ते आपोआप कळते. पाय ओली माती ओळखतात, पहिल्या पावसाचा वास नाकात भरतो. तेथे शरीर बघण्याची वस्तू राहत नाही. त्याच्यामुळे आपण बघतो. आणि पिंपळाला तुमच्या नाकाच्या ठेवणीशी काही देणेघेणे नसते!

संत मत्तयच्या सहाव्या अध्यायातील रानफुलांचा उतारा आपण बहुधा पैशांच्या चिंतेशी जोडतो. पण तेथे प्रभू शरीराविषयी आणि वस्त्राविषयीच बोलत आहे. शलमोन राजाचे वैभव आणि एक रानफूल तो शेजारी ठेवतो, आणि फूल सरस ठरते.

गांधीजी १९३६ साली येथे राहायला आले. त्यांनी लावलेला पिंपळ आश्रमात आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच आवारातील परचुरे कुटीसमोर मात्र आपण फारसे थांबत नाही. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला होता. ज्या शरीराकडे लोक बघायलाही तयार नव्हते, त्याला बापू स्वतःच्या हातांनी मालिश करीत. संत मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभूपुढे गुडघे टेकतो. प्रभूला नुसत्या शब्दानेही त्याला बरे करता आले असते. त्याने हात पुढे केला आणि त्याला स्पर्श केला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या आहेत. आपले शरीर देवाची देणगी म्हणून स्वीकारले, तरच सृष्टीही देणगी म्हणून स्वीकारता येते. शरीरावर माझीच सत्ता असे मानणारा हळूहळू सृष्टीवरही तोच हक्क सांगू लागतो. मला हे पटते. गोरे करणाऱ्या क्रीमची जाहिरात आणि तोडलेले झाड यांचे नाते आपल्याला वाटते त्याहून जवळचे आहे.

पुढच्या रविवारी सकाळची मिस्सा संपल्यावर आपले युवक-युवती पायी आश्रमात जातील. ऊन चढण्याआधी सर्व जण परततील, तेव्हा पालकांनी मुलींना घरी ठेवू नये. पाण्याची बाटली आणावी. मोबाईल घरीच राहू द्यावा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू