फडाच्या आधीचं भजन

यात्रेच्या रात्री तमाशाचा फड उभा राहीपर्यंत आमचं भजन असतं. आम्ही म्हणजे घोडेगावातलं एक भजनी मंडळ. मी पखवाजावर, दिवसा खतं-बियाण्यांच्या दुकानात. यंदा चैत्रात जवळच्याच एका गावानं बोलावलं आणि मी लगेच हो म्हणालो, कारण तमाशाची सुपारी माझ्या आवडत्या फडाला गेली होती. मंडळाच्या बुवांना हे कारण सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतंच.

दिवसभर घाटात बैलगाडे पळाले होते. अंधार पडल्यावर देवळासमोरच्या पारावर आम्ही पंचपदी धरली आणि तेवढ्यात पलीकडच्या रानात फडाच्या गाड्या येऊन लागल्या. सतरंजीवरची पोरं उठून तिकडे पळाली. मागोमाग बापे उठले, काही काम आठवल्यासारखे. उरल्या चार म्हाताऱ्या, एक झोपलेलं मूल आणि माईकवाला. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक वाळत चालली होती. तिला पाण्याचा हात लावायचं मलाही सुचेना, कारण माझा एक कान पलीकडे ढोलकी चढवत होते तिकडे होता.

मग गायचं कुणासाठी? संप्रदायाचं उत्तर तयार आहे: पांडुरंगासाठी, माणसं असोत-नसोत. बुवा अशा वेळी औंढा नागनाथची गोष्ट काढतात. नामदेवांना कीर्तन करायला देवळाच्या मागे पाठवलं, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. या गोष्टीचा रोख सोवळ्याची मक्तेदारी सांगणाऱ्यांवर आहे, ते मान्य. पण मला ती दुसरीकडेच अडते. भजनाला ऐकणारा लागत नसेल, तर देवळाला फिरायची गरज काय होती? नामदेव मागच्या बाजूला गातच होते की! गोष्ट सांगणाऱ्यालाच राहवलं नाही. कुणीतरी वळून बघायला हवं, ही ओढ त्यालाही होती.

तुकोबांनी हरिकथेचे पैसे घेणारा आणि देणारा, दोघांनाही नरक दाखवलाय. आमच्या मंडळाला त्याची भीती नाही. आम्ही नारळ, टोपी आणि चहावर खूश. पण पैसा नाकारणं त्यातल्या त्यात सोपं. डोळे मिटून गाताना पापणीच्या फटीतून माणसं मोजायची सवय कशी जावी?

फडाचं तसं नाही. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, तारीख आणि रक्कम ठरते. पाठीशी कंपनी नाही. मालकाच्या गाड्या, मालकाचंच कर्ज. आम्हाला माणसं हवीत, हे ते उघड सांगतात. आणि पहिल्यांदा गातात काय? गण. मग गवळण, रंगबाजी, वग. ‘देवाचं नाव घ्यायचं आणि पुढे लावणी,’ असं बुवा म्हणतात. त्या रात्री गण सुरू झाला तेव्हा लोक अजून जागा धरत होते, कुणी भेळ घेत होतं, कुणी मागून ओरडून भाच्याला बोलावत होतं. गण म्हणजे फडाच्या पोटातलं आमचंच भजन! गाणाऱ्यानं एखादं कडवं गाळलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यानं गाळलं नाही. रात्रभर जागून सकाळी तीच माणसं देवळापुढं हजेरीला उभी राहिली, तोंडावरचा रंग अर्धा उतरलेला.

तमाशातल्याच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर जन्मल्या पंढरपुरात, १९३५ साली. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत आमच्या भागात कुणालाही विचारा. सांगणारे छाती फुगवून सांगतात. मला आधी चीड येते, एका बाईला एवढीही सवड नव्हती म्हणून. पण हकिकतीचं शेपूट बरेच जण विसरतात: बाईंचं पोट सपाट दिसलं, लोकांनी चौकशी केली, आणि तमाशा बंद करून त्यांना विश्रांती घ्यायला लावली. शिट्ट्या मारणाऱ्या गर्दीनं! औंढ्याला देऊळ फिरलं की नाही मला ठाऊक नाही. इथं मात्र वळून बघितलं गेलं. देव ऐकत असेल तर तो अशाच कुणाच्या तरी कानांनी ऐकत असणार, असं मला वाटतं. तसं असेल तर पूजेचं निम्मं काम सतरंजीवर बसलेल्याचं आहे, आणि आम्ही टाळ कुटणारे सगळं पुण्य पारावरच धरून बसतो.

हे मी परतताना बुवांना सांगितलं. त्यांना अजिबात पटलं नाही. ‘ऐकणाऱ्याला एवढं डोक्यावर घेतलंस, तर उद्या तो फर्माईश करील आणि तू सिनेमाच्या चालीवर अभंग वाजवशील,’ ते म्हणाले. यात तथ्य आहे. तशा चाली आमच्याकडे केव्हाच शिरल्यात. मी म्हणालो, मग त्या चार म्हाताऱ्या मोजायच्या की नाही? बुवा म्हणाले, तीनच होत्या. चौथी मूल सांभाळायला बसली होती.