साध्या कपड्यांतली माणसं

पांडुरंगा, लंडनमधल्या त्या एका चौरस मैलासाठी आज तुझ्यापाशी आले आहे. तिथे बँक ऑफ इंग्लंड आहे, तिच्यासमोर रॉयल एक्स्चेंजची जुनी इमारत आहे. वेशी केव्हाच पाडल्या, पण रस्ते अजून वेशींचीच नावं सांगतात: मूरगेट, बिशप्सगेट, ऑल्डगेट. लोक त्या भागाला नुसतं ‘सिटी’ म्हणतात. मी तिथे पोटासाठी काम केलं. पुण्या-नाशिकची पुष्कळ मुलं-मुली तिथे आजही रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवत बसतात. हे मागणं त्यांचंही आहे असं समज.

2009 च्या मार्चअखेरचा तो आठवडा तुझ्यापुढे ठेवते. दोन एप्रिलला जी-20 देशांचे प्रमुख एक्सेल सेंटरमध्ये जमणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, भांडवलशाहीविरोधी मोर्चे चार दिशांनी बँक ऑफ इंग्लंडवर येणार होते. बायबलातल्या चार घोडेस्वारांवरून त्यांनी चार घोडे ठरवले होते. युद्धाविरुद्धचा लाल घोडा मूरगेटहून, हवामानासाठीचा हिरवा लिव्हरपूल स्ट्रीटहून, पैशांच्या गुन्ह्यांविरुद्धचा रुपेरी लंडन ब्रिजहून आणि बळकावलेल्या जमिनींसाठीचा काळा कॅनन स्ट्रीटहून.

आणि आमच्या मजल्यावर सूचना फिरत होत्या. कोट-टाय घालू नका, साधे कपडे घालून या. गळ्यातलं ओळखपत्र दाराबाहेर पडण्याआधी खिशात ठेवा. बाहेरच्या लोकांबरोबरच्या भेटी पुढे ढकला. जेवणाचा डबा आणा, दुपारी रस्त्यावर उतरू नका. ज्यांना शक्य आहे त्यांनी घरूनच काम करा. मंगळवारी संध्याकाळी खालच्या दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकल्याचे आवाज येत होते आणि वर माणसं एकमेकांना विचारत होती, तू उद्या काय घालणार? जी माणसं वर्षानुवर्षं सुटात येत होती, ती जीन्स आणि पळायचे बूट घालायचं ठरवत होती. कोणाची बायको पोटुशी होती, कोणाचं घराचं कर्ज नुकतंच सुरू झालं होतं. आदल्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा कॅनरी व्हार्फमधून खोक्यात सामान भरून बाहेर पडलेली माणसं सगळ्यांनी पाहिली होती. नोकरी जाण्याची भीती सहा महिने मुरलेली होती, तिच्यावर आता जमावाची भीती आली. देवा, ती भीती खरी होती. तिला कोणी हसू नये असं मला आजही वाटतं.

पण बाहेरचा राग खोटा नव्हता, हेही तुझ्यासमोर तितक्याच स्पष्टपणे सांगायचं आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने 2008 सालचा तोटा 24 अब्ज पौंडांहून अधिक दाखवला होता. ब्रिटनच्या कुठल्याही कंपनीला तोवर एवढा तोटा झाला नव्हता. बँक वाचवायला सरकारने लोकांच्या करांचा पैसा ओतला, आणि जो प्रमुख पायउतार झाला त्याला पन्नाशीतच वर्षाला सात लाख पौंडांचं निवृत्तिवेतन ठरलं होतं. ज्यांची घरं गेली, ज्यांची कामं गेली, त्यांनी रस्त्यावर यायचं नाही तर कुठे जायचं?

तुला हा राग नवा नाही. तुझा तुका सावकाराच्याच घरचा. दुष्काळात माणसं मरताना पाहिल्यावर त्याने आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं देहूत सांगतात. जवळपास त्याच काळात, 1649 च्या एप्रिलमध्ये, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या सोबत्यांनी सेंट जॉर्ज टेकडीवरची सामाईक जमीन खणून गाजरं आणि घेवडा पेरला होता. जमीन ही सगळ्यांची ठेव आहे असं ते मानत. काळ्या घोड्यामागून येणाऱ्यांनी त्यांचीच आठवण धरली होती. आणि 1875 मध्ये आमच्या सुप्याच्या बाजारात कुणबी उठले तेव्हा त्यांनी सावकारांकडे मागितली ती खतं, आणि पेटवली तीही मुख्यतः खतंच. सिटीत बसून मला हे सारखं आठवायचं. देवा, राग माणसाच्या अंगावर न जाता कागदावर जावा, एवढी शुद्ध सगळ्यांना असती तर!

त्या बुधवारी थ्रेडनीडल स्ट्रीटवर त्याच रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या एका शाखेच्या काचा फुटल्या. बिशप्सगेटवर हवामानासाठी आलेल्या पोरांनी भर रस्त्यात तंबू ठोकले आणि पोलीस पुढे सरकले तेव्हा हात वर करून, ही दंगल नाही, असं ती ओरडत राहिली. बँक ऑफ इंग्लंडभोवती पोलिसांनी साखळ्या धरल्या आणि हजारो माणसं तासन्‌तास आत अडकली, पाण्यावाचून, लघवीला जायची सोय नसताना. काही खिडक्यांतून आमच्यासारख्याच नोकरदारांनी खालच्या गर्दीला दहा पौंडांच्या नोटा हलवून दाखवल्या. त्यांच्यासाठी वेगळं मागते. ती तरुण होती, घाबरलेली होती आणि आपण काचेच्या आत आहोत याचा त्यांना कैफ चढला होता. त्यांचं मन मऊ कर. ती आता चाळिशी-पन्नाशीत असतील, त्यांची मुलं मोर्चात जायच्या वयाची झाली असतील. त्या मुलांनी विचारलं तर त्यांना खरं सांगता येऊ दे.

आणि इयन टॉमलिन्सन. सत्तेचाळीस वर्षांचा, मॉन्युमेंट स्टेशनजवळ संध्याकाळचं वर्तमानपत्र विकणारा माणूस. मोर्च्याशी त्याचा संबंध नव्हता आणि बँकांशीही नव्हता. काम आटोपून तो आपल्या वसतिगृहाकडे निघाला होता, आणि एक वाट बंद, दुसरीही बंद, असा फिरत होता. रॉयल एक्स्चेंजच्या कडेच्या गल्लीत, हात खिशात, पाठ पोलिसांकडे, असा चालत असताना एका पोलिसाने त्याच्या पायावर दांडका मारला आणि त्याला खाली ढकललं. तो उठला, थोडं चालला आणि कॉर्नहिलवर कोसळला. आधी सगळ्यांना सांगितलं गेलं की हृदयविकाराने गेला. पांडुरंगा, त्याला तू जवळ घेतलं असशीलच. तो तुझ्या वारीचा नव्हता, पण घरची वाट शोधत पायी चालणाऱ्याला तू परका मानत नाहीस.

खरं बाहेर आलं ते एका चित्रफितीमुळे. न्यूयॉर्कहून कामासाठी लंडनला आलेला एक गुंतवणूक व्यवस्थापक त्या दिवशी तिथे उभा होता. पैशांच्याच धंद्यातला, ज्याच्या विरुद्ध घोषणा चालल्या होत्या त्या जगातला. त्याने पाहिलं, त्याच्या कॅमेऱ्यात ते आलं, आणि मृताच्या घरच्यांना उत्तरं मिळत नाहीत हे कळल्यावर त्याने ते वर्तमानपत्राला दिलं. सात एप्रिलला ते जगाने पाहिलं. 2011 मध्ये चौकशीतल्या ज्यूरीने हा मृत्यू बेकायदा घडवलेला ठरवला. त्या पोलिसाला पुढच्या वर्षी सदोष मनुष्यवधाच्या खटल्यातून सोडलं, तरी नोकरीतून काढलं. 2013 मध्ये पोलीस दलाने कुटुंबाची जाहीर माफी मागितली. विधवेला आणि मुलांना हे मिळायला चार वर्षं लागली. ती फीत नसती तर तेही मिळालं नसतं.

मला त्या माणसासारखे डोळे दे. कोणाच्या बाजूचा आहे हे विचारायच्या आधी कोण पडलं ते पाहणारे. सिटीत, नरिमन पॉइंटला, वांद्र्याच्या काचेच्या इमारतींत, जिथे जिथे आम्ही पगारासाठी बसतो तिथे एवढं एक तरी बळ दे, की खाली जे दिसलं ते दिसलं असं आम्ही सांगू. त्यात नोकरीला धोका असेल तर त्या वेळी आमच्या पाठीशी उभा राहा, कारण माणसं भीतीने गप्प बसतात, वाईटपणाने नव्हे, असंच मी पाहिलं आहे.

मोर्चात येणाऱ्यांना सुखरूप ठेव. त्यांच्या मागण्या लांब पल्ल्याच्या आहेत, 2011 मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांशी त्यांनी पुन्हा तंबू टाकले आणि 2012 च्या फेब्रुवारीत ते उठवले गेले. त्यांचा धीर सुटू देऊ नकोस. दांडका हातात घेऊन उभ्या असलेल्या पोलिसालाही त्याच्या घरची कोणी आठवू दे, हात उचलायच्या आधी.

आणि हे एक अगदी साधं मागणं आहे, ते विसरू नकोस. सुरक्षेची ती सूचना आम्हाला आली, कारण आमच्यापुढे संगणक होता. पहाटे जिने पुसणाऱ्या बायकांना, कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्यांना, दारावर उभ्या राहणाऱ्या रखवालदारांना घरून काम करायची सोय नव्हती. कोपऱ्यावर पेपर विकणाऱ्याला तर कोणत्याच कार्यालयाने काही कळवलं नव्हतं. पुढच्या वेळी अशी सूचना लिहायला जो कोणी बसेल त्याच्या मनात तू उतर. कुठले रस्ते बंद राहतील, कुठून सुखरूप घरी जाता येईल, हे त्याला सगळ्यात आधी खाली जाऊन या माणसांना, त्यांच्या भाषेत, तोंडाने सांगावंसं वाटू दे.