घरापासून दूरचा नाताळ

आगमनकाळाचा चौथा रविवार



येशूच्या जन्माचा सण आता अगदी दाराशी आला आहे. गावोगावचे गोठे पूर्ण होत आले आहेत. ओटीवर चांदण्या लागल्या आहेत. कॅरल गाऊन गाऊन मुलांचे आवाज बसले आहेत आणि घराघरांतून तळणीचा वास येतो आहे. अशा या आनंदात आपल्या धर्मग्रामातील काही घरांत मात्र एक हुरहुर असते. त्या घरचा मुलगा किंवा मुलगी व्रतस्थ झालेली असते आणि दूर परदेशात मिशनकार्य करीत असते. आई करंज्या डब्यांत भरते. सवयीने एक डबा बाजूला काढते. मग तिच्या ध्यानात येते, हा डबा न्यायला यंदा कोणी येणार नाही.

आज आपण त्या मुलामुलींचा विचार करू या. कारण त्यांना आपण पाठवले आहे. ज्या वेदीपुढे त्यांना निरोप दिला, ती आपलीच वेदी आहे.

आम्हा धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना घरापासून दूरचा सण थोड्याफार फरकाने ठाऊक आहे. परंतु तरुण मिशनऱ्याचा परदेशातला पहिला नाताळ विशेष जड जातो. तिथली भाषा नुकतीच जिभेवर रुळू लागलेली असते. गीते नवी, चाली नव्या, जेवण नवे. दक्षिण गोलार्धातल्या देशात गेला असेल तर नाताळ भर उन्हाळ्यात येतो. उत्तर युरोपात गेला असेल तर दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. जपानमध्ये कॅथलिक लोक लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाहीत. तिथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. दुकानांत रोषणाई असते, पण ज्याचा वाढदिवस आहे त्याची ओळख फार थोड्यांना असते.

या तरुण मिशनऱ्यासाठी सर्वांत कठीण वेळ मध्यरात्रीच्या मिस्सेआधीची नसते. तेव्हा कामाची घाई असते. गोठ्यातला दिवा पेटत नसतो, वाचन करणारा आलेला नसतो. कठीण वेळ येते ती मिस्सा संपल्यावर. लोक हसतमुखाने शुभेच्छा देतात, पेंगुळलेल्या लेकरांना खांद्यावर घेतात आणि आपापल्या घरी जातात. हा दिवे मालवतो, चर्चच्या दाराला कुलूप लावतो आणि आपल्या खोलीत येतो. युरोपात किंवा आफ्रिकेत ती वेळ असते तेव्हा आपल्याकडे पहाट झालेली असते. इथे आई उठून चहा ठेवत असेल, हे त्याला ठाऊक असते. आता फोनवर चेहराही दिसतो. पण फोनवर ताट दिसते, त्यातला घास खाता येत नाही. आईचे डोळे दिसतात, ते पुसता येत नाहीत.

मग प्रश्न पडतो: असा एकटेपणाचा नाताळ अपुरा म्हणायचा का? घरच्यांशिवाय सण म्हणजे अर्धाच सण का?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण पहिल्या नाताळाकडे वळू या. आपल्याकडे लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. पवित्र मरियेला ते माहेर लाभले नाही. शिरगणतीच्या हुकमामुळे भरल्या दिवसांत तिला नाझरेथ सोडावे लागले. बेथलेहेम हे योसेफच्या पूर्वजांचे गाव, तरीही उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. जवळ आई नाही, मावशी नाही, ओळखीची सुईण नाही. बाळंतिणीच्या खोलीऐवजी गोठा, आणि पाळण्याऐवजी गव्हाण. बाळ पाहायला जे आले ते नातेवाईक नव्हते. ते रानात राखण करणारे मेंढपाळ होते, अनोळखी माणसे. त्यानंतर हेरोदच्या भीतीने हे कुटुंब रातोरात मिसर देशाला निघाले. परकी भाषा, परके लोक. म्हणजे पहिला नाताळच मुळी घरापासून दूर साजरा झाला!

याहून खोल अशी एक गोष्ट आहे. आपल्या पित्याचे घर सोडून परक्या मुलखात येणारा पहिला मिशनरी म्हणजे स्वतः येशू. आपली भाषा तो आईच्या मांडीवर शिकला, एकेक शब्द करून. आपले जेवण जेवला, आपले कपडे ल्यायला, आपले चालीरिवाज त्याने अंगीकारले. नवी भाषा अडखळत बोलणाऱ्या तरुण मिशनऱ्याला हे उमगले, की त्याचा नाताळ अपुरा राहत नाही. आपण जो सण दिवे आणि फराळ यांनी साजरा करतो, तो सण त्याच्या जगण्यातच उतरलेला असतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या वसईच्या मातीला हे नवीन नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास इथे जन्मले. किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले आणि पंधराएक वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. विचार करा, आपल्या घरातला दहावीतला मुलगा! तिथली भाषा ते इतकी उत्तम शिकले की पुढे तीच त्यांची मोठी सेवा ठरली. अनेक वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा काही काळ व्यापार केला. त्यात यशही मिळाले. पण मन रमेना. शेवटी मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले. सत्ताधीश हिदेयोशीच्या दरबारात मिशनऱ्यांचे शब्द जपानी भाषेत पोचवणारा आवाज आपल्या वसईकराचा होता.

क्योटो शहरात या फ्रान्सिस्कन बंधूंनी मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली. परंतु लवकरच दिवस पालटले. ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ नावाचे एक स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्या जहाजावर फिलिप नावाचा एक तरुण फ्रान्सिस्कन ब्रदर होता, वय सुमारे चोवीस. तो मेक्सिकोचा. मनिलाला त्या वेळी बिशप नव्हते, म्हणून गुरुदीक्षा घेण्यासाठी तो मायदेशी चालला होता. जुलैत जहाज निघाले होते. वारा अनुकूल राहिला असता तर नाताळाच्या सुमारास तो आपल्या माणसांत असता. वादळाने त्याला आणून सोडले ते क्योटोच्या मठात, आपल्या गोन्सालोंच्या शेजारी.

त्या जहाजावरून निर्माण झालेल्या संशयाने हिदेयोशी संतापला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मठाभोवती पहारा बसला. १५९६ चा नाताळ या बंधूंनी असा पहाऱ्यात काढला. एक जण वीसहून अधिक नाताळ घरापासून दूर काढलेला, चाळिशीतला वसईकर. दुसरा घरी निघालेला आणि वाटेत अडकलेला तरुण. दोघांनाही तो आपला शेवटचा नाताळ ठरणार होता. ३ जानेवारी १५९७ रोजी त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. गाड्यांवरून त्यांची धिंड काढली गेली, आणि कडाक्याच्या थंडीत नागासाकीच्या दिशेने महिनाभराचा प्रवास सुरू झाला. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पकडून त्यांच्यात सामील करण्यात आले. ५ फेब्रुवारी रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले.

त्या सव्वीस जणांत परदेशी फक्त सहा होते. उरलेले वीस जण जपानी होते. त्यांत सुतार होते, धर्मशिक्षक होते, मठात मदत करणारी मुले होती. सर्वांत धाकटा लुईस बारा वर्षांचा. येशूने सांगितले होते, की जो माझ्यासाठी घर, आईबाप, भावंडे सोडतो त्याला याच जन्मी शंभरपट घरे आणि भावंडे मिळतील, आणि त्याबरोबर छळही होईल. दोन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या झाल्या. वसई सोडलेल्या मुलाला जपानमध्ये भाऊ मिळाले, आणि ते त्याच्याबरोबर मरणापर्यंत चालले.

त्या वाटेवर चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या बापाबरोबर चालत होता. त्याने आपल्या आईला पत्र लिहिले. तू दुःख करू नकोस, माझ्या धाकट्या भावांना सांभाळ, असा त्यात मजकूर होता. ते पत्र पुढे बापाच्या कपड्यांत सापडले. मरणाच्या वाटेवरही त्या मुलाला आई आठवली. म्हणून परदेशातल्या आपल्या मुलामुलींना घरची आठवण येते, डोळे भरून येतात, यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही. संत फ्रान्सिस झेवियर आपल्या दूरच्या सोबत्यांची पत्रे गुडघ्यांवर बसून वाचत, आणि पत्रांवरील त्यांच्या सह्या कापून आपल्या छातीशी जपून ठेवत. जपानला पहिल्यांदा शुभवर्तमान नेणाऱ्या एवढ्या मोठ्या संतालाही आपल्या माणसांची नावे हृदयाशी लागत होती.

इथे आपण स्वतःला थोडे तपासून पाहू या.

फेब्रुवारीत संत गोन्सालोंचा सण आपण थाटात करतो. भारतात जन्मलेला पहिला संत आपल्या वसईचा, म्हणून आपली मान ताठ होते. पण आपल्या घरातले लेकरू ‘मला मिशनवर जायचे आहे’ असे म्हणाले तर? नोकरीसाठी मुलाला आखातात किंवा कॅनडात पाठवताना आपण कर्ज काढतो, पेढे वाटतो. तेवढेच अंतर तो येशूसाठी जाणार म्हटला, की आपल्याला ते एकदम फार दूर वाटू लागते. ‘एकुलता एक आहे, फादर’ असे आईवडील म्हणतात. त्यांचे दुःख आम्ही हलके मानत नाही. वडिलांच्या शेवटच्या दर्शनाला पोचू न शकलेले मिशनरी आम्हाला ठाऊक आहेत. त्याग फक्त जाणाऱ्याचा नसतो, पाठवणाऱ्यांचाही असतो. परंतु गोन्सालोंच्या आईनेही कधीतरी किनाऱ्यावर उभे राहून आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला निरोप दिला असेल. तिचे नाव आज कोणी घेत नाही. तिने हात सोडला नसता तर आज आपण कोणाचा सण केला असता?

प्रिय धर्मग्रामस्थांनो, या नाताळात आपण तीन गोष्टी करू या.

पहिली, आपल्या ओळखीच्या एका तरी मिशनरी फादरांना, ब्रदरांना किंवा सिस्टरना स्वतःच्या हाताने पत्र लिहू या. मोबाइलवर आलेले तयार चित्र पुढे ढकलणे म्हणजे शुभेच्छा नव्हे. दोन ओळी लिहा, पण आपल्या लिहा. गावात काय चालले आहे, विहिरीला पाणी किती आहे, कोणाच्या घरी बाळ जन्मले, हे त्यांना हवे असते. आणि ती दोन पाने ते वर्षभर जपून ठेवतात.

दुसरी, नाताळच्या रात्री घरी जेवायला बसण्यापूर्वी, कुटुंबाच्या प्रार्थनेत त्यांची नावे मोठ्याने घेऊ या. त्यांच्या आईवडिलांना एकटे वाटू देऊ नये. ज्या घरातले मूल मिशनवर आहे त्या घरी सणाच्या दिवशी शेजाऱ्यांनी अगत्याने जावे. बाजूला काढलेला तो डबा आपण जाऊन खावा!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपली मुले जशी परक्या देशात आहेत, तशी परक्यांची मुले आज आपल्या गावात आहेत. दूरच्या राज्यांतून आलेल्या परिचारिका, इमारतींवर काम करणारे मजूर, भाड्याच्या खोलीत राहणारी कॉलेजची मुले. त्यांच्यातील काही जण आपल्याबरोबर मिस्सेला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच मुकाट्याने निघून जातात. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर कुलूप उघडून एकट्याने खोलीत शिरणारे आपल्या मिशनऱ्याइतकेच तेही आहेत. आपल्या मुलीला तिकडे कोणीतरी हाताला धरून घरी जेवायला न्यावे, असे आपल्याला वाटते ना? मग इकडे कोणाच्या तरी मुलीला आपण घरी नेऊ या. उतारशाळेच्या मालकाने जे केले नाही, ते आपल्याला करता येईल.

आणि एखाद्या घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात पाचारणाची ठिणगी पडली असेल, तर ती फुंकर मारून विझवू नका. गोठ्यापुढे गुडघे टेकून ती येशूपुढे ठेवा.

प्रार्थना करू या: हे बाळ येशू, तू पित्याचे घर सोडून आमच्यात राहायला आलास. तुझ्या नावासाठी आज दूर देशी असलेल्या आमच्या मुलामुलींच्या जवळ राहा. मिस्सेनंतरच्या त्या शांत रात्री त्यांना तुझी सोबत दे. त्यांच्या आईवडिलांचे अश्रू पूस. आमच्या दाराशी येणाऱ्या परक्यात तुला ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

आपणा सर्वांना, आणि आपल्या दूरच्या सर्व लेकरांना, नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!