अंगठा कुणाचा, संमती कुणाची

बुरहानपूरला तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो, तेव्हा एका संस्थेने मला संशोधनाला मंजुरी देणाऱ्या आपल्या नैतिकता समितीवर घेतलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत 7 ते 15 जण असतात: डॉक्टर, कायदा जाणणारा, एखादा सामान्य नागरिक, आणि समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकलेला कुणीतरी. तो कुणीतरी म्हणजे मी. बरेच संशोधक आमच्या मंजुरीकडे टपालाच्या तिकिटासारखं पाहतात. चिकटवलं की पाकीट पुढे जातं. मला तिथे एक जुना धर्मप्रश्न दिसतो. दुसऱ्याचं आहे ते, चांगल्या कामासाठी का होईना, घेण्याचा अधिकार मला कुठून येतो?

मध्यंतरी यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांवर एक प्रस्ताव आला. आमच्या गावाला हा अभ्यास हवाच आहे. कापसाच्या धुळीने सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीलाच छाती आवळते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पुढे तो दम कायमचा बसतो. प्रस्तावात फुंकायचं यंत्र होतं, प्रश्नावली होती, हिंदी संमतीपत्र होतं, आणि जोडीला कारखान्याच्या शेठची चिठ्ठी. आमच्या कामगारांची काही हरकत नाही, असं तिच्यात लिहिलेलं.

ते वाचताना मला खम्मम आठवलं. 2009-10 मध्ये आंध्रच्या त्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस मुलींना दिली गेली. त्यांत वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली बऱ्याच होत्या. संसदीय समितीच्या 2013 च्या अहवालात नोंद आहे: 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही, 1,948 वर नुसते अंगठे. वॉर्डन त्या मुलींना सांभाळत होते, पण मुलीचं शरीर कुणी त्यांच्या नावावर करून दिलं नव्हतं. आमच्या इंदूरच्या रुग्णालयांतल्या औषध-चाचण्यांचा प्रश्नही स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि 2013 मध्ये संमती घेतानाचं चित्रीकरण सक्तीचं झालं. पुढे ते ठराविक चाचण्यांपुरतंच उरलं, याचं मला वाईट वाटतं. तरी कॅमेऱ्यालाही एक गोष्ट दिसत नाही: नाही म्हटलं असतं तर त्या माणसाचं काय झालं असतं.

सुरुवातीच्या धर्मप्रश्नाचं एक उत्तर जैन साधूंच्या तिसऱ्या महाव्रतात आहे: न दिलेलं घ्यायचं नसतं, दात कोरायची काडीसुद्धा नाही. उतरायच्या जागेसाठी जागेच्या धन्याला विचारायचं. धनीच नसेल तिथे इंद्राची अनुज्ञा मागायची. वस्तू क्षुल्लक आहे किंवा काम पुण्याचं आहे, या सबबीवर विचारणं टळत नाही. विणकराचा श्वास, त्याची बिडी, त्याचा रात्रीचा खोकला त्याचा आहे. तो देणं शेठच्या हातात नाही. समितीच्याही नाही, आणि हे आमच्यातल्या काहींना पटत नाही. आम्ही संशोधकाला फक्त विचारायला जाण्याची मुभा देतो.

घेतल्यानंतर काय, याचं उत्तर विणकरांच्या घरात आहे: अमानत. ठेवायला दिलेली वस्तू घेणाऱ्याची होत नाही, मागितली की परत करावी लागते. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क नियमांत आहे, पण तो संमतीपत्राच्या तळाशी असतो आणि तिथवर कुणी वाचत नाही. अमानत म्हटलं की तोच हक्क अन्सारी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यालाही समजावून सांगावा लागत नाही. आमच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. महाव्रत आणि अमानत या दोन विचारांना एकत्र आणायला मला गावाबाहेर जावं लागलं नाही.

प्रस्ताव आम्ही परत पाठवला. संमती कारखान्याबाहेर, पाळी सुटल्यावर घ्यावी. पत्र उर्दूतही असावं. अंगठ्याला साक्षीदार शेठचा माणूस नसावा. नकार देणाऱ्यांची नावं शेठच्या कानावर जाऊ नयेत. आणि तपासणीचा निकाल सगळ्यांत आधी कामगाराला सांगावा. ही शेवटची अट संशोधकांना जड गेली. निकाल वाईट निघाला तर कामगार माग सोडून जाईल, मग वर्षभराने मोजायचं कुणाला, असं त्यांनी विचारलं. जाणाऱ्याला जाऊ द्या, असं मी म्हणालो आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.