कोळशाच्या रेघा

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर आजीने कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. उभी रेघ म्हणजे एक लिटर, आखूड म्हणजे अर्धा. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावातलं दूध गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याने महिन्याच्या हिशोबात तीन-चार लिटर खाल्ले, की ती त्याला त्या भिंतीसमोर उभं करायची. "मोज लेका." तो मोजायचा, मान डोलवायचा आणि द्यायचे तेवढेच पैसे द्यायचा. दूध काही ज्वारी नव्हे, की भाव पटला नाही म्हणून कणगीत ठेवावं. दोन वेळा निघतं, लगेच घालावं लागतं. ज्याच्या हातात माप, त्याचाच शब्द शेवटचा.

विश्वास हा शब्द कानावर आला की मला ती भिंत आठवते.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची तक्रार याच जातीची होती. ४ जानेवारी १९४६ ला सामरखा गावात मोरारजी देसाईंसमोर सभा झाली, पंधरा दिवस दूध अडवून धरलं गेलं आणि १४ डिसेंबरला त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने जिल्हा संघाची नोंदणी झाली. अमूलची ही कथा आपल्याला पाठ आहे. मला मात्र संपापेक्षा पुढची एक साधी पद्धत मोठी वाटते. सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी रोख, संध्याकाळच्या दुधाचे दुसऱ्या दिवशी सकाळी. पिढ्यान्‌पिढ्या मापात मार खाल्लेल्या माणसाला 'आमच्यावर विश्वास ठेवा' असं सांगून काय उपयोग? संघाने त्याच्याकडे फक्त बारा तासांपुरता विश्वास मागितला. तो पाळला, मग पुढचे बारा तास मागितले.

आज कोल्हापूरकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं आणि वर्षाचा फरक दिवाळीच्या तोंडावर हातात पडतो. त्या फरकावर पोरांचे कपडे येतात, फराळाचं तेल येतं. म्हणजे सभासद आपल्या घामाच्या पैशातला काही भाग वर्षभर दुसऱ्याच्या हाती निर्धास्त सोडतो. बारा तासांपासून वर्षापर्यंतचं हे अंतर भाषणांनी कापलेलं नाही. ते गावोगावच्या संस्थांच्या सचिवांनी, पहाटे पाच-साडेपाचला शटर वर करून, रोज थोडं थोडं कापलं आहे.

आमच्या गावात संस्था निघाली तेव्हा मी शाळेत होतो. किटली घेऊन रांगेत उभं राहणं माझं काम. तेव्हा फॅट नळीत काढायचे. काचेच्या नळीत आधी दहा मिली गंधकाम्ल, त्यावर कडेने हळूच पावणेअकरा मिली दूध, मग एक मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की आतलं सगळं काळपट तपकिरी व्हायचं आणि नळी इतकी तापायची की फडक्याशिवाय धरवत नसे. यंत्रात गरगर फिरवल्यावर चरबीचा पिवळट थर वर येऊन आकड्यांपाशी थांबायचा. तिथे एका बारीक रेघेने दर बदलतो. नळी किंचित तिरकी धरली, नजर जरा खाली ठेवली, तरी रेघ हलते. एका वेळेला पैशांचा फरक, पण वर्षाला एका घराच्या दिवाळीचा.

आमचे सचिव नळी डोळ्यांसमोर सरळ धरायचे, आकडा मोठ्याने सांगायचे आणि मग तीच नळी समोरच्याच्या हातात द्यायचे. त्यांच्या स्वतःच्या घरचं दूध रांगेतच यायचं. त्यांच्या म्हशीची फॅट कमी लागली तर तोही आकडा तेवढ्याच मोठ्याने.

एका सकाळी त्यांच्या हातून दोन बाटल्यांची अदलाबदल झाली. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी रांग थांबवली. "मावशी, सकाळी तुमची फॅट दुसऱ्याच्या नावावर चढली. चूक माझी हाय." रजिस्टरात आधीच्या आकड्यावर त्यांनी एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी लाल शाईने खरा आकडा लिहून सही केली. ते पान त्यांनी सगळ्यांना दाखवलं. चूक झाकण्यासाठी गिरगटलेलं पान आणि चूक दिसेल असं खोडलेलं पान, यातला फरक मला त्या दिवशी कळला.

पुढे पुण्यात वीस वर्षं नोकरी केली. एका कार्यालयात साहेब मनाने चांगले होते, पण 'संध्याकाळपर्यंत सांगतो' म्हणाले की ती संध्याकाळ कधी उजाडायची नाही. प्रवासाची बिलं तीन-तीन महिने पडून असत. कुणी फसवत नव्हतं, फक्त कुणी वेळेवर काही कळवत नव्हतं. हळूहळू सगळे एकच वाक्य बोलायला लागले, "मेलवर द्या." तोंडी शब्दावर कुणी जागचं हलेना. गावाकडच्या भिंतीवरच्या त्या रेघाच होत्या, इथे त्या इनबॉक्समध्ये ओढल्या जात होत्या.

त्याच इमारतीत हिशोब खात्यातल्या एक बाई दर शुक्रवारी चार वाजता फोन करायच्या. सांगण्यासारखं काही नसलं तरीही. "अजून मंजुरी आलेली नाही. सोमवारी पुन्हा विचारते." पैसे मिळालेले नसायचे, तरी तो फोन ठेवल्यावर मन हलकं व्हायचं. कमी लागलेली फॅट मोठ्याने सांगण्याची हिंमत त्यांच्यात होती. वरिष्ठांना वाटतं, वाईट बातमीने विश्वास जातो. मी उलट पाहिलं आहे. वाईट बातमी वेळेवर देणाऱ्याच्या चांगल्या बातमीवर लोक डोळे मिटून भरवसा ठेवतात.

मराठीत विश्वास 'बसतो'. घडी बसते, लिहून लिहून अक्षराला हात बसतो, गढूळ पाण्यातला गाळ बसतो, तसाच. यातलं काहीही एका दिवसात होत नाही आणि त्याची घाईही करता येत नाही. आमच्या सचिवांनी आपल्यावर विश्वास ठेवा असं कुणाला कधीच सांगितलं नाही. ज्याला तपासायचंय त्याला तपासता यावं, एवढी सोय त्यांनी रोज दोन वेळा ठेवली. पहिल्या वर्षी लोक नळी हातात घेऊन उजेडाकडे धरून बघायचे. नंतर नुसती नजर टाकायचे. पुढे पुढे आकडा ऐकता ऐकता पुढच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलायचे. नळी मात्र सचिव तरीही पुढे करायचे.

मागच्या वर्षी गोठा पाडून नवा बांधायचा ठरला, तेव्हा मी ती भिंत शेवटची पाहिली. शेणाने सारवलेल्या मातीवर रेघांच्या रांगा, एका वेळेची एक रांग. वरच्या ठसठशीत, जोर देऊन ओढलेल्या. खाली येता येता फिकट. एका जागी दोन उभ्या रेघा आहेत, तिसरी अर्धवट ओढून सोडली आहे. त्याच्या खाली भिंत कोरी आहे.