थांबणे हा अविश्वास आहे काय?

काही महिन्यांपूर्वी एका खेड्यातील मंडळीचे एक जोडपे संध्याकाळच्या उपासनेनंतर आमच्याजवळ येऊन बसले. त्यांच्या विवाहास अकरा वर्षे झाली आहेत. पती शाळामास्तर आहेत व पत्नी घरी शिवणकाम करितात. त्यांस मूल नाही. प्रथम तालुक्याच्या, मग जिल्ह्याच्या आणि शेवटी मोठ्या शहराच्या दवाखान्यात त्यांनी उपचार घेतले. ज्यास लोक ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा उपचार म्हणतात तोही दोन वेळा केला, आणि दोन्ही वेळा तो निष्फळ झाला. आता तिसऱ्या खेपेसाठी उरलेली एक एकर जमीन गहाण ठेवावी की येथेच थांबावे, ह्या विचारात ती दोघे होती. परंतु बाईंनी जो प्रश्न विचारला तो जमिनीचा नव्हता. त्या म्हणाल्या, “आम्ही आता थांबलो, तर आमचा विश्वास कमी पडला असे होईल काय?”

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. हा प्रश्न एकाच घरचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील दर सहा प्रौढ माणसांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. तेव्हा आपल्या लहानशा मंडळीतही असे घर असावयाचेच. म्हणून त्या दोघांच्या अनुमतीने व त्यांचे नावगाव न सांगता हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम, असा उपचार करणेच योग्य आहे काय? जे देवाने दिले नाही ते वैद्याकडून मागणे म्हणजे त्याच्या कार्यात हात घालणे होय, असे काही वडील माणसे म्हणतात. परंतु डोळ्यांत मोतीबिंदू झाला असता आपण तो काढवून घेतो, हिवतापात गोळ्या घेतो, आणि त्यास कोणी अविश्वास म्हणत नाही. मग गर्भनलिका बंद झाली असेल, तर तोच न्याय तेथे का लागू नये? मुलाची इच्छा निर्मळ आहे व औषध शोधणे निर्दोष आहे, इतके आरंभीच मान्य केले पाहिजे.

ह्या उपचाराचा आरंभ कसा झाला हे पाहिल्यास पुढील विचारास आधार मिळेल. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी लेस्ली व जॉन ब्राउन हे जोडपे राहत असे. नऊ वर्षे वाट पाहूनही त्यांस मूल झाले नव्हते, कारण लेस्लीबाईंच्या गर्भनलिका बंद होत्या. रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ, पॅट्रिक स्टेप्टो हे शस्त्रवैद्य आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या जीन पर्डी, ह्या तिघांनी त्यांच्यावर उपचार केला, व १९७८ सालच्या जुलै महिन्याच्या २५ तारखेस ओल्डम गावी त्यांची कन्या लुईज जन्मली. शरीराबाहेर बीज फळवून जन्मलेले जगातील ते पहिले बालक होय. एडवर्ड्स ह्यांस २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ सालच्या ऑगस्टच्या ६ तारखेस डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयत्नाने अशीच एक मुलगी जन्मास आली.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिचा दुसरा भाग मात्र क्वचितच ऐकू येतो. १९६९ पासून १९७८ पर्यंत इंग्लंडातील ह्या तिघांच्या हाताखाली २८२ स्त्रियांनी स्वतःस उपचारासाठी सादर केले, आणि त्यांतून जिवंत बालके जन्मली ती दोन. बाकीच्या २८० जणी रिकाम्या हातांनी घरी परतल्या. त्यांची इच्छा काय कमी उत्कट होती? त्यांनी कळा काय कमी सोसल्या? त्यांच्या सोसण्यातून जे ज्ञान मिळाले त्याच्या आधाराने पुढे लक्षावधी घरी पाळणे हलले; त्यांची नावे मात्र कोणी घेत नाही. फळ हेच जर विश्वासाचे माप असेल, तर दोघीच विश्वासू होत्या व २८० अविश्वासू होत्या, असे म्हणावे लागेल. कोणताही न्यायी मनुष्य असे म्हणणार नाही.

उपचार कसा चालतो हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. स्त्रीस सुमारे दहाबारा दिवस रोज सुई टोचून घ्यावी लागते; त्यायोगे एकाच वेळी अनेक बीजे पक्व होतात. मग भूल देऊन बारीक सुईने ती बाहेर काढतात, प्रयोगशाळेत पुरुषाच्या शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवितात, आणि दोन ते पाच दिवसांनी तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवितात. शुक्राणू फार थोडे असल्यास एकच शुक्राणू घेऊन तो बीजात सुईने घालण्याची रीत १९९२ सालापासून प्रचारात आली. त्यानंतर सुमारे दोन आठवडे वाट पाहावयाची. निपुण वैद्याच्या हातूनही पुष्कळ खेपा रिकाम्या जातात. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे गेले की यश उतरत जाते व चाळिशीनंतर फारच उतरते. हा बीजाच्या वयाचा परिणाम आहे. प्रार्थना किती वेळ केली ह्याचा नव्हे.

आमच्यापुढे बसलेल्या जोडप्याची एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. पहिली सहा वर्षे सर्व तपासण्या बाईंच्याच झाल्या. शेजारी कोणाचे बारसे असले, तर त्यांस बोलावणे येत नसे. आलेच, तर मूल त्यांच्या हाती देताना लोकांचा हात आखडे. घरी सासूबाईंचे बोल असत ते निराळेच. सातव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी मास्तरांस स्वतःची तपासणी करावयास सांगितले, आणि दोष त्यांच्यात निघाला. वस्तुतः पुरुषाची ही पहिली तपासणी साधी व थोड्या खर्चाची असते, आणि मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाचा भाग पुष्कळ घरी असतो. तरी ती सर्वांच्या शेवटी होते, व कित्येक घरी होतच नाही. मास्तर त्या रात्री घरी आले व म्हणाले, “आई, दोष माझ्यात आहे. सहा वर्षे तू तिला जे बोललीस, ते मला बोलावयास हवे होते.” मूल त्यानंतरही झाले नाही. परंतु त्या रात्रीपासून आपणास झोप लागू लागली, असे बाईंनी आम्हांस सांगितले.

आता कठीण भाग. कोणी म्हणेल, ब्राउन दांपत्य नवव्या वर्षी थांबले असते तर? ह्या जोडप्यास तिसऱ्या खेपेस मूल होणारच असेल तर? हा आक्षेप पोकळ नाही, आणि पुढे काय होईल हे सांगणारा कोणी मनुष्य नाही. परंतु ह्याच कारणास्तव विचार करणे भाग आहे. तिसऱ्या खेपेनंतर चौथीही असतेच. आशेस आपण होऊन शेवट नसतो. तो माणसास ठरवावा लागतो. मूल हे कोणाकडे थकलेले येणे नव्हे, की ते वसूल होईपर्यंत मागतच राहावे. आपली शिल्लक व आपली काही वर्षे ह्या वाटेवर खर्चण्यास दोघे मुखत्यार आहेत. पण ज्या जमिनीवर म्हातारी आई जेवते ती जमीन, पत्नीची प्रकृती, व दोघांचा परस्परांवरील लोभ, ह्या तिहींवर कर्ज काढू नये. जे जन्मले आहेत त्यांच्या भाकरीवर, जे अद्याप जन्मले नाही त्याचा हक्क पोहोचत नाही.

पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा राहिला, आणि त्याचे मागणे थांबले. त्यास अविश्वासू कोण म्हणेल? निराश होणे निराळे आणि थांबणे निराळे. निराश मनुष्य म्हणतो, आता माझ्या जगण्यात काही अर्थ उरला नाही. थांबणारा म्हणतो, ही एक वाट संपली. मी मात्र संपलो नाही.

म्हणून जे ह्या वाटेस लागणार असतील त्यांस आमची विनंती आहे की, किती खेपा, किती पैसा व कोणत्या वयापर्यंत, हे दोघांनी मिळून आरंभीच ठरवावे. कारण मध्येच, दुःखाच्या भरात, ते ठरत नाही. ‘हमखास मूल’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. २०२१ सालच्या कायद्याप्रमाणे अशा दवाखान्याची सरकारी नोंदणी असली पाहिजे, आणि यशाचा संभव, खर्च व धोके जोडप्यास समजावून सांगणे हे दवाखान्याचे कर्तव्य आहे. तेव्हा ते धीटपणे विचारावे. त्याच कायद्याने ‘मुलगाच हवा’ अशी निवड करण्यास मनाई केली आहे.

दत्तकाविषयीही दोन शब्द. पूर्वी आपल्या समाजास १८९० सालच्या कायद्याखाली मुलाचे केवळ पालक होता येत असे, आईबाप होता येत नसे. आता २०१५ सालच्या बालन्याय कायद्याप्रमाणे कोणत्याही धर्माच्या योग्य जोडप्यास मूल दत्तक घेता येते, व ते सर्व हक्कांनी त्यांचेच होते. ही वाट चांगली आहे. परंतु उपचार फसला की लगेच ती कोणाच्या गळ्यात घालू नये. पोरके मूल ही कोणाच्या दुःखावरची मलमपट्टी नव्हे. त्यास त्याच्यासाठीच हवेसे वाटणारे घर पाहिजे.

शेवटी मंडळीचे कर्तव्य. हन्ना मंदिरात दुःखाने मूकपणे प्रार्थना करीत असता एली याजकास ती मद्य प्यालेली वाटली. मंडळीच्या सेवकाने ही चूक पुन्हा करू नये. उपदेशकांनी अशा घरी जाऊन “काही बातमी?” असे विचारू नये. त्यांच्या परवानगीवाचून भर सभेत त्यांच्यासाठी मूल मागू नये. कारण अशी प्रार्थना देवाच्या कानी जाण्यापूर्वी गावाच्या कानी जाते. ‘वांझ’ हा शब्द आपल्या तोंडातून कायमचा जावा. बारशाचे बोलावणे त्या घरीही जावे, आणि मूल त्या बाईच्या हाती निःशंक द्यावे. ज्या घरात दोनच माणसे आहेत तेही घरच आहे, हे आपण आपल्या वागण्याने दाखवावे.

पुढच्या भेटीत आम्ही त्या बाईंस उत्तर दिले : “बाई, विश्वास मुलावर ठेवावयाचा नसतो. आपण थांबलात तरी तो कमी होत नाही, आणि पुढे गेलात तरी वाढत नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. मास्तरांनी मात्र विचारले, “मग जमीन?” आम्ही म्हटले, “ते तुम्ही दोघांनी ठरवावे.” ह्या पावसाळ्यात त्या एकरात त्यांनी भुईमूग पेरला आहे, इतके आम्हांस कळले आहे.