पीळ

गोल विणकामाची एक अट असते आणि ती सुरुवातीलाच पाळावी लागते. दोन सुयांना जोडणारी लवचीक केबल असलेल्या गोल सुईवर टाके घालायचे आणि शेवटचा टाका पहिल्याला जोडण्याआधी सगळे टाके एका दिशेला, खाली तोंड करून बसले आहेत ना, हे पाहून घ्यायचं. मध्ये कुठे त्या रांगेने सुईभोवती वेढा घेतला असेल आणि ती तशीच जोडली गेली, तर विणीत पीळ बसतो. पहिली फेरी पुरी होताना लक्षात आलं तर तो जोडाच्या जागी सरकवून काढता येतो. त्यानंतर मात्र सगळं उसवायचं, नाहीतर कात्री लावायची.

मागच्या डिसेंबरात मी 120 टाक्यांचा गोल मफलर विणायला घेतला, दोन सुलट दोन उलट. जयनगरात आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या अज्जींसाठी. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटर उंचावर आहे. हिवाळ्यात पहाटे पारा 15-16 अंशांवर येतो. दिल्लीकर हसतील, पण इथली म्हातारी माणसं तेवढ्या थंडीतही कानटोपीशिवाय फिरायला निघत नाहीत. लांब मफलरचं टोक अज्जींच्या काठीत अडकतं, म्हणून गोल. विणायला त्यांनीच मला शिकवलं. आता त्यांना फारसं दिसत नाही.

वीस फेऱ्या झाल्यावर लोकर संपत आली. चौथ्या ब्लॉकातून नवा गुंडा आणला, काम मांडीवर पसरलं आणि पीळ दिसला. 2400 टाके विणून झाले होते आणि त्यातला एकही चुकलेला नव्हता. सुलटाच्या जागी सुलट, उलटाच्या जागी उलट. कुठल्याही टाक्यावर बोट ठेवून ‘ही बघ चूक’ म्हणता येत नव्हतं. चूक होती ती सगळ्याला मिळून.

मैत्रीण फोनवर म्हणाली, “उसवतेस कशाला? मोबियस आहे म्हणून सांग. लोक मुद्दाम विणतात.”

ते खरं आहे. मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितींना 1858 मध्ये स्वतंत्रपणे सुचलेली ती एका बाजूची, एकाच कडेची पट्टी विणकामातही आली आहे. पण माझा मफलर मोबियस नव्हता. मोबियसच्या पट्टीत अर्धा पीळ असतो; कडेवरून बोट फिरवत गेलं की ते सगळी कड फिरून येतं. गोल सुईवर चुकून पडतो तो पुरा पीळ, कारण सुईवरची कड सुईवरच्याच कडेला जोडली जाते. माझ्या मफलरला सुरुवातीच्या टाक्यांची एक आणि सुईवरची दुसरी, अशा दोन कडा शाबूत होत्या. खरा मोबियस विणायला सुरुवातीचे टाके पट्टीच्या मध्यात ठेवावे लागतात, केबलला दोन वेढे द्यावे लागतात. तो अपघाताने होत नाही. म्हणजे मैत्रिणीने दिलेलं छान नाव मुळात खोटंच होतं.

समजा, ते नाव खरं असतं. तरी मी ते द्यावं का? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात एक भेद सांगितला आहे. कारागिरीत जाणूनबुजून चूक करणारा हा नकळत चूक करणाऱ्यापेक्षा बरा, कारण त्याला कसब येत असतं. वागण्यातल्या शहाणपणात मात्र नेमकं उलट. हा भेद मला त्या दिवशी जाचला. ‘मुद्दाम केलं’ असं म्हटलं की विणणारी म्हणून मी एक पायरी वर चढते आणि त्याच वाक्याने माणूस म्हणून एक पायरी उतरते.

जाचला, कारण ही पायरी मी आधी एकदा चढले होते. काही वर्षांपूर्वी मी इंग्रजीतून एक पत्ररूप कादंबरी मराठीत आणली. मुलीने बापाला लिहिलेली पत्रं. इंग्रजीला एकच सर्वनाम पुरतं; मराठीत पहिल्या ओळीतच ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावं लागतं. मी ‘तुम्ही’ लिहिलं. ठरवून नव्हे, आमच्या घरी वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत, म्हणून हात तिकडे गेला. दोनशेएक पानांनंतर मुलगी बापाशी ज्या लडिवाळपणे भांडते, तिथे मला कळलं की ही मुलगी ‘तू’ म्हणणारी आहे. तोवर प्रत्येक वाक्य, प्रत्येक क्रियापद ‘तुम्ही’वर बेतलेलं होतं. मुदत जवळ आली होती. पुस्तक तसंच गेलं.

पुढे एका वाचकाचं पत्र आलं. ‘तुम्ही’ वापरून मी त्या नात्यात एक अबोल अंतर राखलं, ही निवड त्यांना फार विचारपूर्वक वाटली. मी आभाराचं उत्तर लिहिलं. बाकी काही लिहिलं नाही.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांचा 1946 चा निबंध शिकवला होता: कलाकृतीचा निवाडा कर्त्याच्या हेतूवरून करू नये. त्याचा आधार मी बराच काळ घेतला. वाचकाला अंतर जाणवलं, म्हणजे ते मजकुरात आहे. मी कोण ते नाकारणारी? पुस्तकापुरतं हे मला आजही पटतं. पण त्या पत्रातली दाद पुस्तकापुरती नव्हती, माझ्या विचारीपणालाही होती, आणि ती मी ठेवून घेतली. मूळ भाषेत जाऊन ताडून पाहण्याची सोय वाचकाला नसते; त्याचा सगळा भरवसा अनुवादकावर असतो. अज्जींनाही आता पीळ दिसणार नव्हता. ज्याला तपासता येत नाही त्याच्यापुढे चूक झाकणं सोपं जातं. म्हणूनच ती तिथे अधिक जड होते.

उसवणं हे प्रामाणिकपणाचं उत्तर वाटतं, पण त्यालाही किंमत असते आणि ती दरवेळी आपणच भरतो असं नाही. मी सगळं उसवून पुन्हा विणलं असतं, तर निर्दोष मफलर फेब्रुवारीत तयार झाला असता आणि जानेवारीची थंडी अज्जींच्या गळ्याने सोसली असती. माझ्या नेटकेपणाचा भुर्दंड त्यांनी का भरावा?

म्हणून मी अर्धा मफलर सुईसकट त्यांच्या हातात दिला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी कडेवरून बोटं फिरवली, पीळ सापडला तिथे थांबल्या. म्हणाल्या, “आता पुरा कर. थंडी सरली की उसव.” पुढच्या वीस फेऱ्या मी चार दिवसांत विणल्या. मफलरची ऊब काही कमी झाली नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. छापलेल्या पुस्तकातला पीळही जात नाही. पण तो कुठे आहे हे सांगता येतं. नव्या आवृत्तीच्या मनोगतात त्या ‘तुम्ही’ची हकीकत घालायची, असं मी प्रकाशकांना कळवलं आहे. त्या वाचकाचं पत्र टेबलाच्या खणात आहे. त्यांना दुसरं उत्तर लिहायचं आहे. उशीर झाला आहे, हेही त्यात लिहावं लागेल.